सुरूबनात रुतलेली थार: एक प्रकरण अभ्यास

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीच्या मुखाजवळ, सुरूच्या बनातून जाणाऱ्या वाळूच्या गाडीवाटेवर एक थार, म्हणजे महिंद्राची चारही चाकांना जोर देता येणारी जीपसारखी गाडी, रुतली. चालकासह चार जण आत, मागे सामान. इंजिन ठणठणीत, टायर जेमतेम वर्षाचे, चालक घाटरस्त्यांवर मुरलेला. तरीही दुपारी साडेतीनला बनात शिरलेली गाडी पावणेचारला पोटावर टेकली आणि बाहेर निघेपर्यंत साडेपाच वाजून गेले. कुणाला इजा झाली नाही, काही मोडलं नाही. तरी हे प्रकरण सविस्तर मांडण्यासारखं आहे. कोकणातल्या वाळूत गाड्या ज्या कारणांनी रुततात ती जवळजवळ सगळी इथे एकत्र आली, आणि सुटकेचे चुकीचे व बरोबर असे दोन्ही उपाय त्याच गाडीवर, त्याच खड्ड्यात करून झाले.

गावाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. वाट मच्छीमारांच्या रोजच्या वापरातली आहे. तिथे हौशी गाड्यांची रांग लागू नये.

वाट

एकूण वाट सव्वा किलोमीटरची. पहिले ३०० मीटर लाल मुरूम, दोन्ही बाजूंना माडाच्या बागा आणि चिऱ्यांचे गडगे. गडगे संपले की केवड्याची जाळी लागते आणि तिथून पुढे ७०० मीटर सुरूचं बन. समुद्राकडचा वारा आणि उडती वाळू अडावी म्हणून कोकण किनाऱ्यावर अशी बनं ठिकठिकाणी लावलेली आहेत. बनाच्या शेवटी वाळूची एक बुटकी टेकडी, तिच्यावर मर्यादवेल पसरलेली. ती ओलांडली की होड्या लावायची जागा.

रोज पहाटे एक ट्रॅक्टर ट्रॉलीत जाळी आणि बर्फाचे खोके घालून या वाटेने जातो आणि मासळी घेऊन परततो. त्याच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पडल्या आहेत. थारच्या चालकाने त्या बघितल्या आणि वाट पक्की आहे असं धरलं. वरवर पाहता तर्क बरोबर वाटतो, पण ट्रॅक्टरची गोष्ट तीन बाबतींत वेगळी आहे. त्याच्या मागच्या मोठ्या टायरमध्ये हवा मुळातच कमी, साधारण १२ ते १६ पीएसआय (टायरमधल्या हवेचा दाब मोजायचं एकक) असते. त्याचं पोट जमिनीपासून दीड फुटाच्या आसपास उंच असतं. आणि तो जातो पहाटे, जेव्हा दव आणि रात्रीच्या गारव्याने वरची वाळू थोडी ओलसर असते.

ही ओल फार महत्त्वाची आहे. ओलसर वाळूच्या कणांमध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा असतो आणि तो कणांना एकमेकांकडे खेचून धरतो. उन्हाने तो उडाला की कण सुटे होतात आणि चाकाखालून बाजूला वाहू लागतात. पाणी फार झालं तरी पकड जातेच, म्हणून लाटांच्या अगदी कडेला उभी केलेली गाडी बघता बघता खाली बसते. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत दुपारी दोन ते पाच ही बनातल्या वाळूची सगळ्यांत वाईट वेळ. नेमकी तीच वेळ निवडली गेली.

आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे सुरूच्या सुईसारख्या काड्यांचा थर. बनात तो कुठे दोन बोटं, कुठे चार बोटं जाड होता. माणूस त्यावरून चालला तर पाय रुतत नाही, जमीन घट्ट वाटते. पण चाक थराला फक्त दाबत नाही, मागेही ढकलतं. एकदा का थर फाटला की त्याखाली कधीच न दबलेली, भुसभुशीत वाळू असते. उतरून पायांनी वाट तपासणं योग्यच, पण टाच फिरवून थर फोडावा आणि खालची वाळू हाताने उकरून बघावी. मुठीत घट्ट दाबून सोडल्यावर गोळा क्षणभर तरी टिकला तर वाळू ओलसर आहे. बोटांतून लगेच गळाली तर पुढे जाण्याआधी हवा काढलीच पाहिजे.

गाडी आणि पहिली पंधरा मिनिटं

गाडी डिझेल, हाताने गियर बदलायची, टायर २५५/६५ आर १८. माणसं आणि सामान धरून वजन २,२०० किलोच्या आसपास. गावाबाहेरच्या पंपावर सकाळी चारही टायरमध्ये ३२ पीएसआय भरले होते. डांबरावर तापून ते ३४ झाले होते. गाडीत होतं ते एवढंच: कंपनीचा जॅक, एक ओढायचा पट्टा, पिण्याचं पाणी. फावडं नाही, हवा मोजायचं गेज नाही, कॉम्प्रेसर नाही.

मुरूम संपला तिथे गाडी टू-एच मध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांच्या जोरावर, वाळूत शिरली. दोनशे मीटर गेलीही. ट्रॅक्टरची चाकोरी आणि थारच्या चाकांमधलं अंतर जुळत नाही, त्यामुळे उजवं चाक चाकोरीच्या तळाशी आणि डावं काठावर अशी ती तिरकी चालली होती. मधला उंचवटा नंतर मोजला तर चाकोरीच्या तळापासून सुमारे २५ सेंटिमीटर भरला. थारचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाची जमिनीपासूनची उंची, २२६ मिलिमीटर. म्हणजे चाकं पूर्ण चाकोरीत उतरली की पोट घासणारच होतं.

एका वळणावर सुरूचं मोठं मूळ वाटेत आलं. चालकाने ब्रेक लावला. इथे खरी अडचण सुरू झाली. वाळूत ब्रेक लावला की चाकं थांबतात आणि पुढे वाळूचा बांध जमतो. निघताना गाडीला तो चढून जावं लागतं. शिवाय वळणावर थांबल्याने पुढची चाकं तिरकी होती आणि तिरकं चाक नांगरासारखं वाळूत शिरतं. पहिल्या गियरमध्ये क्लच सोडताच मागची चाकं गरागरा फिरली. तेव्हा कुठे फोर-एच, म्हणजे चारही चाकांना जोर, टाकला. मग पुढची चाकंही फिरायला लागली. आठ-दहा सेकंद रेस, थोडं मागे, पुन्हा पुढे, पुन्हा रेस. मागचा भाग इंचाइंचाने खाली गेला आणि मागच्या आसाच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा गोळा मधल्या उंचवट्यावर टेकला. त्यानंतर कितीही रेस दिली तरी गाडी तसूभरही सरकणार नव्हती, कारण वजन चाकांवर राहिलंच नव्हतं.

वाळूत फिरणारं चाक म्हणजे खोदायचं यंत्र. एका जागी चार-पाच फेरे झाले तरी चाक वीतभर खाली जातं. गाडी पुढे सरकायची थांबली की ॲक्सिलरेटरवरून पाय त्याच क्षणी उचलायचा. त्या क्षणी उचलला असता तर हवा काढून आणि चार फावडी वाळू बाजूला करून ही गाडी दहा-पंधरा मिनिटांत मागे निघाली असती. पुढचे दोन तास त्या दहा सेकंदांच्या रेसमुळे गेले.

हवेचा हिशेब

टायर जमिनीवर किती दाब टाकतो हे मुख्यतः आतल्या हवेच्या दाबावर ठरतं. ढोबळ हिशेब असा. २,२०० किलोची गाडी, एका चाकावर सरासरी ५५० किलो. ३४ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.४ किलो. मग चाकाचा जमिनीला टेकणारा भाग आला सुमारे २३० चौरस सेंटिमीटर. हवा १६ वर आणली तर दाब सुमारे १.१ किलो होतो आणि टेकणारा भाग ४९० चौरस सेंटिमीटरवर जातो, म्हणजे दुपटीहून जास्त. टायरच्या बाजू स्वतःही थोडं वजन उचलतात, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा थोडा कमी भरतो, पण प्रमाण हेच.

हा जास्तीचा भाग रुंदीत फारसा मिळत नाही, लांबीत मिळतो. टायरचा जमिनीला टेकणारा पट्टा जवळपास २० सेंटिमीटर रुंद धरला तर ३४ पीएसआयला त्याची लांबी साडेअकरा सेंटिमीटर आणि १६ ला साडेचोवीस. लांब पट्टा वाळूवर तरंगतो आणि पुढे बांध जमू देत नाही. रुंद टायर घातले की वाळूचा प्रश्न सुटला असं मानणारे बरेच आहेत. हजारो रुपयांच्या रुंद टायरमध्ये ३४ ची हवा ठेवण्यापेक्षा कंपनीच्या टायरमध्ये १६ ठेवलेली बरी.

किती काढावी? बनातल्या साधारण वाळूसाठी १८, भुसभुशीत कोरड्या वाळूसाठी १६ ते १५, रुतलेली गाडी काढायची असेल तर १२ पर्यंत. त्याखाली जाऊ नये. वळताना टायरची कड रिमवरून सुटते आणि तिथेच चाक बदलायची पाळी येते. कमी हवेत ताशी ३० किलोमीटरच्या वर जायचं नाही, स्टिअरिंग झटक्याने फिरवायचं नाही. आणखी एक किंमत मोजावी लागते ती ध्यानात ठेवावी: हवा काढली की गाडी दोन-तीन सेंटिमीटर खाली येते, म्हणजे या वाटेवरचा मधला उंचवटा आणखी जवळ येतो. म्हणून इथे नुसती हवा काढून भागलं नसतं. उंचवट्याचा माथाही खोऱ्याने उतरवावा लागला असता.

हवा मोजायची ती गेजने. डोळ्यांना २२ आणि १६ मधला फरक कळत नाही. व्हॉल्व्हची किल्ली अगदी स्वस्त वस्तू, पण आतली सुई पूर्ण काढून हवा सोडली तर काम झटक्यात होतं. ती सुई वाळूत पडू देऊ नये. पडली तर सापडत नाही, म्हणून एक-दोन जादा सुया जवळ असाव्यात. टायर तापलेले असताना गेज तीन-चार पीएसआय जास्त दाखवतं, त्यामुळे गरम टायर १८ वर आणले तर गार झाल्यावर ते १५ च्या आसपास येतात. हा फरक धरूनच थांबावं.

चुकीचे उपाय

पहिला प्रयत्न झावळ्यांचा. वाटेच्या कडेला पडलेल्या दोन झावळ्या ओढून आणल्या आणि मागच्या चाकांपुढे कोंबल्या. वाळू न उपसता कोंबल्या, हीच चूक. चाक खड्ड्यात, पोट टेकलेलं. झावळ चाकाखाली जाणार कशी? रेस देताच एक झावळ मागे भिरकावली गेली. तिचा जाड देठ मागे ढकलत उभ्या असलेल्या माणसाच्या पायांपासून हातभर अंतरावर पडला. रुतलेल्या गाडीच्या मागे किंवा पुढे सरळ रेषेत कुणीही उभं राहू नये, याला अपवाद नाही.

दुसरा प्रयत्न जॅकचा. कंपनीचा जॅक मागच्या आसाखाली लावला. गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच वाळूत उतरला. जॅकखाली किमान एक फूट बाय एक फूट, पाऊण इंच जाडीची प्लायवूडची फळी हवी. कोकणात ती नसली तर जांभ्याचा चिरा असतोच. सव्वा फूट लांब, पाऊण फूट रुंद चिरा आडवा पुरला की छान बैठक मिळते. इथे गडगा फार लांब नव्हता, पण कुणाला सुचलं नाही.

मग करपल्याचा वास आला.

धूर कशाचा

पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं क्लच जळतोय. क्लचचा वास होताच: अर्धवट दाबलेल्या क्लचवर रेस दिली की तो येतो, उग्र, जळलेल्या रबराजवळचा. पण त्यात लाकूड जळल्याचा दुसरा वासही मिसळलेला होता आणि गाडीखालून बारीक धूर येत होता. चाकांनी उडवलेल्या सुरूच्या काड्या पोटाखालच्या पत्र्यावर आणि सायलेन्सरच्या आसपास दाबून बसल्या होत्या. इंजिन बंद केलं, काठीने त्या ओढून काढल्या, वर दोन बाटल्या पाणी मारलं. काड्यांची टोकं काळी पडली होती.

बनात गाडी रुतण्यापेक्षा हा धोका मोठा आहे. एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी गाळणारा फिल्टर असतो आणि साठलेली काजळी जाळण्यासाठी तो अधूनमधून स्वतःला तापवतो. तेव्हा आतलं तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. पेट्रोल गाड्यांचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर शुद्ध करणारा भाग, तोही खूप तापतो. मार्चमधल्या सुरूच्या काड्या म्हणजे ठिणगीची वाट बघणारं सरपण, वर समुद्रावरून दुपारचा वारा. एक रुतलेली गाडी अख्खं बन पेटवू शकते. म्हणून काड्यांच्या जाड थरावर गाडी इंजिन चालू ठेवून उभी करू नये, फिल्टर साफ होत असल्याचा दिवा लागला असेल तर बनात शिरूच नये, आणि रुतल्यावर फावड्याचं पहिलं काम पोटाखालच्या काड्या बाजूला ओढणं हे असावं. आग विझवायचं लहान नळकांडं चालकाच्या हाताशी हवं, मागे सामानाखाली नको.

सुटका

साडेचारच्या सुमाराला ट्रॅक्टरवाले काका तिथून चालले होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "हवा काढलीत काय?" चालक म्हणाला, "नाही काका, गेज नाही." "मग गेज कशाला हवं? काढा आधी. आणि रेस मारू नका आता, ती खालीच जाणार." काकांनी घरून खोरं, फावडं, दोन गोणपाटं आणि कोयता आणला. ट्रॅक्टर मात्र मुद्दाम आणला नाही, आणि तो निर्णय अगदी बरोबर होता.

पुढचा क्रम असा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून, इंजिन बंद. आतले सगळे खाली, सामानही खाली. त्यामुळे साडेतीनशे-चारशे किलो उतरले. मग पोटाखालचा उंचवटा. खोऱ्याने मागून आणि दोन्ही बाजूंनी वाळू ओढत डिफरन्शियलचा गोळा चारही बाजूंनी मोकळा केला. रुतलेल्या गाडीखाली अंग घालायचं नाही, म्हणून सगळं काम बाहेर गुडघ्यावर बसून, लांब दांड्याने. या एका कामाला वीस मिनिटं गेली. कंटाळवाणं काम आहे आणि लोक हेच टाळतात. पोट टेकलेलं असताना चाकांखाली काहीही घाला, उपयोग शून्य.

त्यानंतर चाकं. गाडी पुढे काढायची नाही, मागे काढायची असं ठरलं. मागची वाट तिच्याच चाकांनी दाबली गेली होती. पुढची कोरी होती. प्रत्येक चाकाच्या मागे चार-पाच फूट लांब, हळूहळू वर चढणारा उतार खणला. उभा काठ ठेवला की चाक त्यालाच आपटतं. खणलेली वाळू लांब टाकली, नाहीतर ती घसरून परत खड्ड्यात येते.

मग हवा. गेज नसताना अंदाज बांधायची एक पद्धत आहे. सपाट जागी उभ्या गाडीच्या रिमच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर काडीने मोजायचं आणि ते पाव भाग कमी होईपर्यंत हवा सोडायची. यातून १५ ते १८ च्या आसपासचा दाब येतो. रुतलेल्या चाकाला हे मोजता येत नाही, म्हणून इथे टायरची बाजू खणून उघडी केली आणि चारही टायरचा फुगवटा सारखा दिसेपर्यंत हवा सोडली. गेजला हा पर्याय नाही, अडचणीतला तोडगा आहे.

मागच्या चाकांमागे गोणपाटं पसरली, त्यांची कड चाकाखाली बोटभर सारली. पुढच्या चाकांमागे झावळ्या, पण कोयत्याने जाड देठ तोडून, तीन-तीन तुकडे करून, वाटेला आडवे. आडवे तुकडे चाकाला पायरीसारखे लागतात. उभी टाकलेली अख्खी झावळ सरकते. नारळाची सोडणं सोयीची वाटतात, पण गोल असल्याने चाकाखालून निसटतात. ती खड्ड्याच्या तळात भरायला ठीक.

पुढची चाकं सरळ केली. थांबलेल्या गाडीत, क्लच पूर्ण दाबून, गियर न्यूट्रलला ठेवून फोर-एल, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर, टाकला. ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण दाबून ते बंद केलं, कारण चाक घसरलं की ते इंजिनाचा जोर कापतं आणि वाळूत थोडं घसरणं लागतंच. रिव्हर्स टाकून क्लच अगदी सावकाश सोडला, ॲक्सिलरेटरला जेमतेम स्पर्श. बाकीचे तिघं बाजूला, गाडीच्या रेषेबाहेर. गाडी दीड फूट सरकली आणि थांबली. चालकाने या वेळी लगेच पाय उचलला. डाव्या मागच्या चाकामागची वाळू पुन्हा उपसली, गोणपाट परत लावलं. दुसऱ्या प्रयत्नात ती संथपणे, एकही चाक न फिरवता मागे आली आणि चालकाने न थांबता मुरूमापर्यंत तशीच नेली. वाळूत सुटलेली गाडी "निघाली एकदाची" म्हणून लगेच थांबवली की दुसरा खड्डा तयार होतो.

ट्रॅक्टर का आणला नाही

कारण जे बांधून ओढायचं ते धड नव्हतं. गाडीतला पट्टा न ताणला जाणारा, टोकांना पत्र्याचे आकडे. ट्रॅक्टरची साखळी तर मुळीच ताणली जात नाही. अशा साखळीने ओढायचं तर ताण हळूहळू येईल असं, संथ ओढायचं. झटका दिला की आकडा किंवा बांधायची जागा तुटते आणि लोखंड बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं. ट्रॉली जोडायच्या गोळ्याला पट्टा कधीही अडकवायचा नाही. चाकाच्या मध्यापर्यंत रुतलेली गाडी ओढायला तिच्या वजनाइतका जोर लागतो असं धरून चालावं. इथे ते २,२०० किलो. म्हणजे आधी खणून हा जोर कमी करणं भागच होतं, आणि खणून झाल्यावर ट्रॅक्टरची गरज उरली नाही.

योग्य सामान हवं असेल तर ताणला जाणारा कायनेटिक दोर, ८ ते ९ मीटरचा, आणि पाऊण इंची, ४.७५ टन क्षमतेचे दोन बो-शॅकल (दोर अडकवायच्या लोखंडी कड्या). दोर गाडीच्या चासीला पक्क्या बसवलेल्या रिकव्हरी हुकलाच. दोराच्या मधोमध ओलं गोणपाट टाकावं, तुटला तर उसळी कमी होते. बघणाऱ्यांनी दोराच्या लांबीच्या दीडपट लांब, बाजूला उभं राहावं. विंच (दोर गुंडाळत गाडी ओढणारं यंत्र) असेल तर एकट्या सुरूच्या झाडाला बांधू नये. वाळूत त्याच्या मुळांना धरायला काही नसतं, झाड कलतं, आणि दोराने साल सोलली तर उभं झाड मरतं. जादा चाक हातभर नव्हे, चांगलं कंबरभर खोल उभं पुरून त्याला दोर बांधला तर बनात तो जास्त भरवशाचा खुंटा.

हीच वाट नीट कशी जाता आली असती

सकाळी लवकर, मुरूम संपायच्या आत थांबून हवा १६ वर. वाळूत चाक पडण्यापूर्वीच फोर-एच. वाट चढाची किंवा फार भुसभुशीत असेल तर फोर-एल आणि दुसरा गियर. डिझेलचा जोर कमी फेऱ्यांवर मिळतो, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्यात संथ, एकसारखी चाल ठेवता येते. मधेच गियर बदलला की क्लच दाबलेल्या त्या क्षणात वाळू वेग खाऊन टाकते. वळणाआधी माणूस पुढे पाठवून मुळं आणि बुंधे बघून घ्यायचे. तोडलेल्या सुरूचा काड्यांखाली लपलेला खुंट कमी हवेच्या टायरची बाजू फाडतो आणि बाजूला पडलेली चीर पंक्चरवाल्याला सांधता येत नाही. थांबायचं झालं तर ब्रेक न लावता नुसता पाय उचलायचा, शक्यतो उतारावर. गाडी जड वाटू लागली, इंजिनाचा आवाज खाली आला, की स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं हलवायचं; टायरच्या कडांना ताजी वाळू मिळते. तरीही थांबली तर त्याच चाकोरीत मागे.

चाकोरी सोडून बाजूने जायचा मोह होतो. तसं करू नये. बाजूची वाळू जास्त मऊ असते, सुरूची रोपं आणि मर्यादवेल चाकाखाली जाते आणि वाट दरवर्षी रुंद होते. शेवटची वाळूची टेकडी तर गाडीने चढायची नाहीच. होड्यांपर्यंत चालत पाच मिनिटं लागतात. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांत वाळूच्या टेकड्या सर्वांत संवेदनशील गटात आहेत. पलीकडे पुळण. वेळास, आंजर्ले, गावखडी अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालतात. घरटं जेमतेम दीड फूट खोल असतं, आणि मार्च-एप्रिलमध्ये पिल्लं बाहेर पडतात तेव्हा टायरची चाकोरी त्यांना ओलांडता येत नाही. चाकोरीतच फिरत राहिलेल्या पिल्लाला खेकडे आणि कावळे गाठतात. ही कासवं वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. पुळणीवर गाडी न्यायचीच नाही, कुठल्याही हवेवर.

या प्रकरणात गाडी निघाल्यावर चौघांनी खड्डे बुजवले, उंचवट्याची वाळू चाकोरीत ओढून सपाट केली, झावळ्यांचे तुकडे उचलले. दुसऱ्या पहाटे ट्रॅक्टरला तिथूनच जायचं होतं, त्यामुळे हे काम सुटकेइतकंच गरजेचं.

नंतरची तपासणी

मुरूमावर आल्यावर गाडी टू-एच मध्ये घेतली. फोर-एच तसाच ठेवून डांबरावर वळलं तर पुढचे-मागचे आस एकमेकांशी झगडतात आणि ट्रान्स्फर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या आसांना जोर वाटून देणाऱ्या पेटीवर, ताण येतो. कॉम्प्रेसर नसल्याने गावातल्या पंक्चरवाल्यापर्यंतचे चार किलोमीटर ताशी वीसने काढले. स्वतःचा कॉम्प्रेसर घेणाऱ्यांनी तो थेट बॅटरीला चिमट्यांनी जोडणारा घ्यावा. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर मोठा कॉम्प्रेसर लावला की फ्यूज उडतो. १६ वरून ३२ ला यायला अशा टायरला पाच ते आठ मिनिटं लागतात आणि मधे कॉम्प्रेसर गार होऊ द्यावा लागतो.

त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने पोट धुतलं. किनाऱ्याजवळची वाळू खारट असते आणि चासीच्या पोकळ भागांत राहिली की गंज धरते. मागच्या ड्रम ब्रेकमधून खरखर येत होती; ड्रम उघडल्यावर आत चिमूटभर वाळू आणि सुरूच्या काड्या निघाल्या. नुसतं पाणी मारून ही वाळू जात नाही, उघडूनच काढावी लागते, नाहीतर लायनिंग घासतं आणि हँडब्रेक अर्धवट धरतो. एअर फिल्टर झटकला. क्लच सुटताना घसरत नाही ना ते चढावर तिसऱ्या गियरमध्ये तपासलं, ठीक होता.

दोन दिवसांनी डावा मागचा टायर ३२ वरून २६ वर आला. पंक्चर सापडेना. साबणाचं पाणी रिमच्या कडेवर ओतलं तेव्हा एका ठिकाणी बारीक बुडबुडे दिसले. कमी हवेत चालताना टायरची कड आणि रिम यांच्यामध्ये वाळूचे कण शिरले होते. पंक्चरवाल्याने कड सोडवली, रिम ओल्या फडक्याने आणि मग कोरड्या ब्रशने साफ केलं, टायर परत बसवून हवा भरली. वाळूतून आल्यावर चारही टायरची हवा पुढचा आठवडाभर रोज सकाळी मोजावी ती यासाठी.